झाडून घेतलेली कणगी

जुन्नर
ता. २० जून २००७

चि. जया हिस,
आशीर्वाद.

वर आधी सवयीनं 'चि. सौ.' लिहिलं होतं, मग खोडलं. तुला ते दिसेल. दुसरा कागद घेणार होते, पण म्हटलं, दिसू दे.

तुला आहुप्याला जाऊन साडेतीन महिने झाले. अंगणवाडीची नोकरी लागली, बरं झालं. समृद्धी नीट जेवते का? तिला नाचणीची सवय नाही, हळूहळू लाव. मी बरी आहे. लायब्ररीतून आठवड्याला एक पुस्तक आणते. दुपारी वाचत बसलं की शेजारणी म्हणतात, पोरगा गेला तरी हिला दुःख न्हाई. म्हणू दे.

फोटोचं दुकान पप्पू चालवतो. भरतच्या जागी बसत नाही, शेजारी स्टूल टाकून बसतो. लोक फोटो मागायला येतात. कुणाची आई गेली, तिचा लग्नातला फोटो मोठा करून पाहिजे. भरतनं सगळं ठेवलंय. पाच वर्षांतलं एकही लग्न फेकलं नाही.

आता कामाचं. दुकानातल्या दोन कंप्युटरांपैकी एक आतून टकटक वाजायला लागलाय. पप्पू म्हणतो, "मावशी, ही डिस्क कवाबी जाईल. गेली की सगळ्या जुन्नरची लग्नं गेली." त्यावर त्यानं तोड काढलीय. घरात तो जुना कंप्युटर पडून आहे ना, भरतचा पहिला, माझ्या खोलीत चादरीखाली? त्यात नवी मोठी डिस्क बसवायची आणि त्याला नुसतं साठवणीला ठेवायचं. दुकानातून भिंतीपलीकडं वायर ओढायची. दुकानातले दोन्ही कंप्युटर वायरीवरून त्यात फोटो टाकतील आणि पाहिजे तेव्हा काढून घेतील. म्हणजे काम दुकानात आणि धान्य घरात. मला ते लगेच कळलं.

त्या जुन्यात तुझं काही असलं तर कळव. तेराव्यानंतर तू तो मागितला होतास आणि मी नाही म्हटलं. घरातली वस्तू घरात राहावी असं तेव्हा वाटलं. शिवाय तुमच्याकडं लाइटीचा काय भरवसा. राग धरू नको.

तुझी
आत्याबाई


आहुपे
ता. २ जुलै २००७

ती. आत्याबाईंस,
जयाचा शिरसाष्टांग नमस्कार.

पत्र काल मिळालं. खोडलेलं पाहिलं. मीही अंगणवाडीच्या वहीत नाव लिहिताना एकदा 'सौ.' लिहिलं होतं.

समृद्धी बरी आहे. नाचणीची भाकरी खाते, पण दुधात कुस्करून. माझ्या आईच्या मागं फिरते. इकडं भाताची आवणी चालू आहे, सगळे चिखलात. पाऊस थांबत नाही.

आत्याबाई, त्या जुन्या कंप्युटरला कुणाला हात लावू देऊ नका. मी तेव्हा मागितला तो त्याचसाठी, पण कारण सांगायला जीभ उचलली नाही. बाळंतपणाला मी इकडं आले होते तेव्हा इथं फोनला रेंज नव्हती, अजूनही नाही. ह्यांना पत्र लिहायचा कंटाळा. म्हणून रोज दुकान बंद केलं की त्या कंप्युटरला माइक लावून माझ्याशी बोलून ठेवायचे. दिवसभरात काय झालं, तुम्ही काय स्वयंपाक केला, बाळाचं नाव काय ठेवायचं. तुम्हाला वाटायचं, गिऱ्हाइकाशी फोनवर बोलतोय. एकूण एकोणचाळीस आहेत. माझ्या नावानं ठेवलेत.

समृद्धीला बापाचा चेहरा फोटोत दाखवता येईल, आवाज दुसरीकडं कुठंच नाही. मी दिवाळीत येते. तोवर चादरसुद्धा काढू नका.

जानकूदादा घोडेगावला जाईल तेव्हा हे पत्र पेटीत टाकेल.

आपली
जया


जुन्नर
ता. १४ जुलै २००७

चि. जया हिस,
आशीर्वाद.

तुझं उत्तर आलं नाही. दोन आठवडे वाट पाहिली. आवणीत गुंतली असशील. नाहीतर तुला त्यातलं काही नको असेल, असं मी धरलं.

काम झालं. पप्पूनं कंप्युटरचं झाकण काढलं तर आत धुळीचा गालिचा आणि पालीची दोन अंडी. मी जुन्या ब्रशनं सगळं झाडलं. त्यानं नवी डिस्क बसवली. मग एक सीडी घातली. फुकट मिळते म्हणे, साठवणीच्या कंप्युटरला लागतं ते सगळं तिच्यात असतं. ते जुन्या छोट्या डिस्कवर घालायचं आणि नव्या मोठ्या डिस्कवर फोटो भरायचे. घालण्याआधी त्यानं विचारलं, "मावशी, जुन्या डिस्कवर काय बारकंसारकं दिसतंय. बघत बसू का, का सगळंच पुसू?"

मी म्हटलं, "अरे, कणगी भरायची तर आधी काय करतात? उलटी करून झाडतात, शेणानं सारवतात, उन्हात कोरडी करतात. मागच्या सालाचा एक दाणा जरी तळाला राहिला तरी त्यातला किडा नव्या धान्यात जातो. सगळं काढ."

तो हसला. म्हणाला, "तुमचंबी बरोबर हाय. कंप्युटरातबी किडेच असत्यात."

मग त्यानं पडदा काढला, टायपायची पाटी काढली, माउस काढला. आता त्याला तोंड नाही, हात नाहीत, नुसतं पोट. पूर्वी कणगी होती त्याच कोपऱ्यात फळीवर ठेवलाय. भिंतीला भोक पाडून वायर घेतली. हिरवा दिवा लुकलुकतो. दुकानातला माल भरायला चार दिवस लागले, कारण लाइट जायची आणि बॅटरी अर्धा तासच चालते. पप्पू म्हणाला, "एक 'टाकाऊ' नावाचं खातं हाय, लई जागा खातं. काढू का?" मी म्हटलं, राहू दे, धान्य भरताना निवडत बसत नाहीत, शिजवायच्या वेळी निवडतात.

माल भरून झाल्यावर टकटक वाजणारी डिस्क दुसऱ्याच दिवशी बंद पडली. म्हणजे एका दिवसानं वाचलो. मला फार दिवसांनी बरं वाटलं. भरतनं जमवलेलं मी राखलं, असं वाटलं.

समृद्धीला पापा.

तुझी
आत्याबाई


जुन्नर
ता. २३ जुलै २००७

जया,

तुझं दोन तारखेचं पत्र आज आलं. पाकिटावर घोडेगावचा शिक्का अठरा तारखेचा आहे. दरड पडून गाडी बंद होती, असं पोस्टमन म्हणाला.

माझं चौदा तारखेचं पत्र तुला मिळालं असेल. मिळालं असेल तर मला आता काही सांगायचं उरलं नाही. मिळालं नसेल तर ते फोडू नको, आधी हे वाच.

जया, मी ते पुसलं. पप्पूनं नाही. त्याचा हात होता, तोंड माझं होतं.

अजून एक आहे, ते मी त्या पत्रात लिहिलं नव्हतं. पुसायच्या आधी पप्पूनं मला विचारलं होतं, "वैनींना विचारलं का?" मी म्हटलं, "विचारलं, चालंल म्हणाली." तू काहीच म्हणाली नव्हतीस. मी रागात होते. नातीला घेऊन गेलीस, पत्राला उत्तर देत नाहीस, मग कशाला थांबू, असं वाटलं. मला एवढंच दाखवायचं होतं की हे घर अजून माझ्या शब्दावर चालतं.

एकोणचाळीस दिवस तो माझ्या डोक्याशी भिंतीपलीकडं बोलत होता आणि मी समजत होते, गिऱ्हाईक आहे. एकदा ओरडलेसुद्धा होते, "आता पुरे कर, भाकरी गार झाली." तेही त्यात आलं असेल.

मी काय लिहू. तू ते सगळं ऐकलेलं आहेस, तेवढं तरी तुझ्यापाशी आहे. मला तोच एक आधार वाटतो.

आत्याबाई


जुन्नर
ता. ३० ऑगस्ट २००७

चि. जया हिस,
आशीर्वाद.

तुझं पत्र नाही. येऊ नये हेही बरोबर आहे.

पप्पूला मी खरं सांगितलं. तो पायरीवर बसला. मग म्हणाला, "मावशी, तुमी खोटं बोलला तरी मी आवाज तरी उघडून बघायला पायजे व्हता. माझा दोस्त व्हता तो." दुसऱ्या दिवशी ती जुनी डिस्क काढून, तिच्या जागी दुसरी बसवून, पुण्याला घेऊन गेला. तिथं असली कामं करणारा एकजण आहे. त्यानं आठ दिवस ठेवून घेतली. नुसतं पुसलं असतं तर काढता आलं असतं म्हणाला, पण पुसून वर नवीन लिहिलंय. पाटी पुसली तर खडूचं अंधुक दिसतं, त्यावर दुसरं लिहिलं की नाही दिसत. काही तुकडे निघाले, पण ते उघडत नाहीत.

डिस्क परत आणून माझ्या हातात दिली. मुठीएवढी आहे. मी ती देव्हाऱ्यात ठेवणार होते, पण तिथं ठेवायचा मला काय अधिकार. पत्र्याच्या डब्यात, भरतच्या घड्याळाशेजारी ठेवलीय.

समृद्धीचा वाढदिवस पुढच्या महिन्यात. जानकू बाजाराला आला तर त्याच्याकडं फ्रॉक देते. घालू नये वाटलं तर नको घालू.

आत्याबाई


आहुपे
ता. २१ सप्टेंबर २००७

ती. आत्याबाईंस,
नमस्कार.

फ्रॉक मिळाला. थोडा मोठा आहे, पुढच्या वर्षीही होईल. वाढदिवसाला घातला.

तुमची तिन्ही पत्रं मिळाली होती, चौदा तारखेचंही. ते मी भातखाचराच्या बांधावर उभं राहून वाचलं. 'सगळं काढ' इथंवर आले आणि पुढं वाचलं नाही. घरी येऊन आईला म्हटलं, डोकं दुखतंय. त्यानंतर रोज तुम्हाला पत्र लिहायला बसायचे. जे लिहायचे ते चुलीत घालायचे. ते तुमच्यापर्यंत आलं नाही, हे चांगलं झालं.

आता राग उतरलाय असं नाही. पण एक गोष्ट तुम्ही चुकीची धरून बसला आहात. तशीच राहू दिली असती तर तुम्हाला सोपं गेलं असतं, पण मला एकटीला ती बाळगवत नाही.

मी ते ऐकलेलं नाही.

चार ऐकले. सवा महिन्याची समृद्धी घेऊन मी जुन्नरला आले, त्या संध्याकाळी त्यांनी मला खुर्चीत बसवलं, कानाला ते हेडफोनचं यंत्र लावलं आणि समोर उभे राहिले. मी चार ऐकले आणि समृद्धी रडली. मी म्हटलं, बाकीचे सवडीनं ऐकते. ते म्हणाले, "घाई न्हाई, कुठं जात्यात." मग आज ऐकू, उद्या ऐकू. सव्वा वर्ष. माणूसच घरात होता, त्याचा आवाज यंत्रात कशाला ऐकायचा. एकदा त्यांनी विचारलं, "ऐकलं का गं सगळं?" मी हो म्हटलं. त्यांना काय वाटेल म्हणून हो म्हटलं. मग विचारलं, "अठ्ठाविसावं कसं वाटलं?" मी म्हटलं, छान. ते हसले. अठ्ठाविसाव्यात काय होतं, मला माहीत नाही. आता कुणालाच माहीत नाही.

तेव्हा तुम्हीही खोटं बोललात आणि मीही. तुमचं पप्पूभाऊंना कळलं. माझं ज्यांना कळायला हवं ते राहिले नाहीत.

जे चार ऐकले त्यातलं मला एवढं आठवतं: तुम्ही मेथीची भाजी केली होती आणि ती खारट झाली होती, पण तुमच्यासमोर त्यांनी दोनदा मागून घेतली. मुलगी झाली तर नाव समृद्धी. पहिल्यात नुसतं, "जया, मी बोलतोय, ऐकू येतंय का?" असं तीनदा. चौथं आठवत नाही.

आवाज आठवायला गेलं की शब्द आठवतात, आवाज येत नाही. तुम्हाला येतो का?

जया


जुन्नर
ता. २४ ऑक्टोबर २००७

चि. जया हिस,
आशीर्वाद.

तू विचारलंस, मला आवाज आठवतो का. लहानपणचा आठवतो. भरत सहा वर्षांचा असताना हे गेले. संध्याकाळी तो पाटीवर अभ्यास करायचा आणि मी शेजारी बसून त्याच्याबरोबर अक्षरं शिकायचे. 'आये, हे क न्हाई, फ हाय,' असं रागवायचा. तो आवाज आहे. मोठेपणचा नाही. तुझ्यासारखंच होतं.

भाजी खारट होती हे मला तुझ्या पत्रातून कळलं. बिचाऱ्यानं दोनदा मागून घेतली.

आता दुसरं ऐक. पत्र वाचलं त्या दिवसापासून मी दुकानात जाऊन बसते. पप्पूला म्हटलं, मला हा कंप्युटर शिकव. तो म्हणाला, "मावशी, या वयात?" मी म्हटलं, "वाचायला कुठल्या वयात शिकले व्हते?" चारपाच दिवस माउस उंदरासारखाच पळत होता, मग हाताला बसला. वायरीवरून घरातल्या साठवणीत शिरायचं आणि एकेक उघडून बघायचं.

भरतनं साऱ्या गावाचे चेहरे ठेवलेत. किती लग्नं, किती बारशी, शाळेची गॅदरिंग. मी त्याचा चेहरा शोधत होते. तो कशातच नाही. कसा असेल? तो कॅमेऱ्याच्या मागं. एका लग्नात नवरीमागच्या आरशात अर्धा खांदा दिसतो, तो त्याचा, निळ्या शर्टवरून ओळखला.

लग्नाच्या व्हिडिओंत आवाज आहे, पण त्यावर त्यानं गाणी घातलीत. खालचं काही ऐकू येत नाही. तेव्हा मला त्या 'टाकाऊ' खात्याची आठवण झाली. पप्पूला विचारलं, यात काय आहे? म्हणाला, "कापलेले तुकडे. कॅमेरा हलला, कुणी आडवं आलं, ते सगळं भरत कापून यात टाकायचा. फेकायचा न्हाई. तुमचाच पोरगा." त्यांच्यावर गाणी नाहीत, जया. ते जसे होते तसे आहेत.

मी निवडायला बसले. पहिल्या दिवशी काही नाही, नुसता बँड. दुसऱ्या दिवशी वडजच्या एका लग्नातला तुकडा. एक म्हातारी कॅमेऱ्यासमोरून पदर सावरत चाललीय, आणि जवळून, अगदी माझ्या कानाजवळून कुणीतरी म्हणालं, "आजी, जरा सरका. नवरी तुमी न्हाई."

मी पप्पूला हाक मारली नाही. ते परत लावलं. मग परत.

आता पंधरा दिवस झाले. रोज दोन तास निवडते. "मामा, डोकं खाली." "कुणाचंय हे पोरगं, उचला." एकदा त्याला ठसका लागलाय, तो ठेवलाय. एका ठिकाणी कुणीतरी विचारतं, "काय भरतशेठ, पोरगी काय म्हणती?" आणि तो म्हणतो, "अजून काय म्हणत न्हाई, नुसती बघती." सगळ्यात जास्त वेळा म्हणतो ते एकच, "इकडं बघा." "इकडं बघा, हलू नका."

तुझ्याशी बोललेलं त्यात एकही नाही. माझ्याशी बोललेलंही नाही. सगळं परक्या लोकांशी आहे. पण आवाज त्याचा आहे.

ते वेगळं काढून दोन ठिकाणी ठेवलंय. एक साठवणीत, एक पप्पूच्या घरी सीडीवर. शहाणपण आलं, पण उशिरा. तुला देण्यासारखं माझ्याकडं एवढंच आहे. दिवाळी आपल्याला नाही, पण दिवाळीत ये. परत जाताना तुला तो कंप्युटर न्यायचा असेल तर ने. मी वायर काढून ठेवीन.

तुझी
आत्याबाई


जुन्नर
ता. २२ नोव्हेंबर २००७

चि. जया हिस,
आशीर्वाद.

समृद्धीला आठ दिवस माझ्यापाशी ठेवून गेलीस. अंगणवाडीला सुट्टी नव्हती म्हणून ठेवलीस, असं तू म्हणालीस. तसं तर तसं. रविवारी जानकू घ्यायला येईल तेव्हा तिची दुपटी धुऊन देते.

कंप्युटर इथंच राहू दे म्हणालीस, तो तिथंच आहे, कणगीच्या कोपऱ्यात. तू त्या दिवशी दुकानात अर्धा तास ऐकत बसलीस, मग कानाचं यंत्र काढून ठेवलंस. जाताना गाडीत चढल्यावर खिडकीतून म्हणालीस, "आत्याबाई, सगळे एका दिवसात नाही ऐकले. ठेवलेत थोडे." मी मान हलवली. पण या वेळी फार दिवस ठेवू नकोस, बाई.

ती दूध पिते, झोपते बरी. परवा नळाखाली पाय घालून बसली आणि उठेना. मला 'आजे' म्हणते, तुमच्याकडची हाक. म्हणू दे.

दुपारी मी निवडायला बसते तेव्हा तिला मांडीवर घेते. अजून बरेच तुकडे राहिलेत. ती माझ्या बांगडीशी खेळत असते, पडद्याकडं लक्ष नसतं. बँड वाजतो, माणसं बोलतात, तिला त्याचं काही नाही. पण भरतनं 'इकडं बघा' म्हटलं की ती खेळ सोडून मान वर करते आणि बघते. आज मी मोजलं नाही, पण दर वेळी बघते. पप्पू बाहेर निघून गेला.

समोर दुसऱ्या कुणाचं तरी लग्न चाललेलं असतं.

तुझी
आत्याबाई